बोकडाची श्वासनळी, कोंबडीचं आतडं आणि ऑर्गन बाथ: प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. आमच्या फार्मसी कॉलेजात ऑर्गन बाथ (शरीरातून काढलेला स्नायू कोमट द्रावणात जिवंत ठेवून त्यावर औषधाचा परिणाम बघायची काचेची भांडी) बरीच वर्षं कपाटात पडून आहेत. शिकवण्यासाठी गिनीपिग मारण्याचे दिवस संपले, ते योग्यच झालं. पण त्याबरोबर मुलांच्या हातून टिश्यू बांधणंही गेलं. आता सगळं संगणकावर. पुद्दुचेरीच्या जिपमरमधल्या डॉ. रवींद्रन यांचं एक्स-फार्म हे सॉफ्टवेअर चांगलं आहे, डोस वाढवला की आलेख कसा वर चढतो ते त्यात नीट कळतं. पण पडद्यावरचा स्नायू दमत नाही, सुकत नाही, कालच्या औषधाचा अंश धरून बसत नाही. संशोधनाला गेलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी नेमक्या याच गोष्टी भेटतात.

म्हणून खाटकाकडे आणि चिकनच्या दुकानात जे तसंही टाकून दिलं जातं त्यावरच प्रयोग बसवायचे. बोकडाची श्वासनळी आणि कोंबडीचं आतडं. प्रश्न तीन: ॲट्रोपिन ॲसिटिलकोलीनला (नसांतून सुटून स्नायूला आखडवणाऱ्या रसायनाला) किती अडवतं, हिस्टामाइनचं (ॲलर्जीत सुटणाऱ्या रसायनाचं) आकुंचन त्याने थांबतं का, आणि साल्ब्युटामॉल हे दम्याचं औषध त्याच स्नायूला कोणत्या वाटेने सैल करतं.

ॲट्रोपिन आधी घेण्याला कारण आहे. आमची बहुतेक मुलं कपाशीच्या भागातली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते यांच्यापैकी कित्येकांच्या गावाजवळचं आहे. ऑर्गनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक प्रकार) विषबाधेत डॉक्टर ॲट्रोपिनची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा का देत राहतात, हे या मुलांना बाथमध्ये डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

संस्थेच्या प्राणी-नीती समितीला लेखी कळवून परवानगी घेतली. सामान: २५ मिलीचे दुहेरी काचेचे दोन बाथ, शेरिंग्टनचा जुना ड्रम (काजळी धरलेला कागद फिरवणारा), फ्रंटल लिव्हर (स्नायूची हालचाल त्या कागदावर रेघेने उमटवणारी दांडी), थर्मोस्टॅट. हवेसाठी माशांच्या टाकीचा पंप, तीनशे रुपये.

११ जुलै, गुरुवार

पहिली श्वासनळी. सकाळी साडेसहाला खाटीक चाचांकडे. त्यांनी विचारलं, "सर, फेफड्यासकट देऊ का नुसती नळी?" फेफड्यासकट घ्या. नुसती नळी सुटी करताना ती ओढली जाते आणि ओढलेला स्नायू दिवसभर नीट वागत नाही. घरी चहाला वापरतो तो थर्मास गार क्रेब्स द्रावणाने (स्नायू जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्याने) भरून नेला होता.

श्वासनळीची कूर्चा इंग्रजी सी अक्षरासारखी असते आणि उघड्या टोकांना जोडणारी फिकट गुलाबी पट्टी म्हणजे आपल्याला हवा तो स्नायू. बोकडात ती कड्यांच्या आतल्या बाजूने चिकटलेली दिसते. बाहेरची चरबी आणि जाळी कात्रीने सोलायची, पण आतल्या पट्टीला चिमटा लावायचा नाही. एकेक कडं सुटं केलं, स्नायूच्या बरोबर समोरच्या बाजूला कूर्चा कापली आणि अशी पाच कडी टोकाला टोक बांधून साखळी केली. साखळीची ही पद्धत कॅस्टिलो आणि डी बीअर यांनी १९४७ साली गिनीपिगवर बसवली. एकट्या कड्याचं आखडणं डोळ्याला दिसत नाही इतकं थोडं असतं. पाचांची बेरीज लिव्हरवर येते.

निकाल: काही नाही. तासभर विसावा दिला, ॲसिटिलकोलीन घातलं, लिव्हर जेमतेम हलला. पुढच्या डोसला तेवढंही नाही. बाथच्या तळाशी पांढुरका साका दिसला. पूर्ण दिवस गेला.

१३ जुलै, शनिवार

साका म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पीएच पट्टी बुडवली तर रंग आठच्याही पुढे गेला.

कारण पंप. क्रेब्समध्ये लिटरला २.१ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट असतं. ते ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड या मिश्रणासाठी आखलेलं आहे, त्या वायूखाली पीएच ७.४ वर टिकतो. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड नगण्य. बुडबुडे जितका वेळ सोडाल तितका तो द्रावणातून उडून जातो, पीएच चढतो आणि कॅल्शियम खाली बसतं. बाहेरचं कॅल्शियम गेलं की रिसेप्टर (औषध ज्याला चिकटून काम करतं तो पेशीवरचा रेणू) कितीही शाबूत असला तरी स्नायू आखडणार कशाने?

उपाय दोन. श्वासनळीसाठी कार्बोजेनचा, म्हणजे त्या ९५-५ मिश्रणाचा, सिलिंडरच मागवायचा (अनामत, भाडं आणि गाडीचा खर्च मिळून हा या प्रकल्पातला सगळ्यांत मोठा आकडा ठरला, आणि यायला आठवडा लागतो). तोवर कोंबडीचं आतडं टायरोड या दुसऱ्या द्रावणात. टायरोडमध्ये बायकार्बोनेट लिटरला १ ग्रॅम, ते साध्या हवेवर निभावून नेतं. करणाऱ्यांसाठी एका लिटरचं माप: सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, निर्जल कॅल्शियम क्लोराइड ०.२, मॅग्नेशियम क्लोराइड ०.१, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०५, बायकार्बोनेट १, ग्लुकोज १.

बाटलीवर "डायहायड्रेट" लिहिलेलं असेल तर कॅल्शियम क्लोराइड ०.२६५ ग्रॅम घ्या. ते वेगळ्या पाण्यात विरघळवून, बाकी सगळं जवळपास लिटरभर झाल्यावर, ढवळत शेवटी घाला. ग्लुकोज रोज सकाळी ताजं. ग्लुकोज घालून ठेवलेली बाटली दुसऱ्या दिवशी गढूळ होते.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. मटणाचं आणि चिकनचं, दोन्ही दुकानं बंद. द्रावणं करायला बसलो.

ॲसिटिलकोलीन क्लोराइड तोलताना भर पावसाळ्याची अडचण कळली. बाटली उघडून काट्यावर चमचा ठेवेपर्यंत भुकटी ओली होऊन कागदाला चिकटते, आणि काट्यावरचा आकडा बघता बघता वाढत जातो. वाढतं ते औषध नाही, हवेतलं पाणी. अशा तोलावर काढलेल्या मोलॅरिटीला (लिटरमागे किती मोल औषध, त्या मापाला) अर्थ नाही. मग थोडं-थोडं तोलणं सोडून दिलं. सीलबंद छोटी कुपी घ्यायची, वर लिहिलेलं वजन धरायचं, आणि आतलं सगळं एकदम ठराविक आकारमानात विरघळवायचं. पाणीही साधं नको. ॲसिटिलकोलीन अल्कधर्मी द्रावणात तुटतं, म्हणून साठ्याचं द्रावण ५ टक्के सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेटमध्ये केलं, ते आम्लधर्मी असतं. छोट्या नळ्यांत वाटून गोठवलं. दिवसाला एक नळी बाहेर काढायची, उरलेलं फेकायचं.

२० जुलै, शनिवार

पहिला चांगला दिवस.

चिकनच्या दुकानात आतडी ड्रममध्येच जातात, त्यामुळे पैसे नाहीत. फक्त कापल्याबरोबर हातात द्यायला सांगावं लागतं. इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) ओळखायला कोंबडीत सोपं: दोन लांब अंधांत्रं (एका टोकाला बंद नळ्या) जिथे आतड्याला लगटून धावतात, त्यांच्या मधला भाग. त्याच्या थोडं वर गेलं की आतड्यावर एक बारीक फोड दिसते, मेकेलचा डायव्हर्टिक्युलम. पिल्लू अंड्यात असताना पिवळ्या बलकाला जोडणारा देठ तिथे होता. दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा, आतून टायरोडने पिपेटने हलकेच धुतलेला. बोटांनी पिळून काढू नका, आतलं अस्तर सोलून येतं.

सुई फक्त एका भिंतीतून. नळी आरपार शिवली की तोंड बंद होतं, आत पाणी साठतं आणि बेसलाइन फुगत जाते. दोन्ही टोकं उघडी राहिली पाहिजेत.

३७ अंशांवर आतडं स्वतःहून लयीत हलत होतं, त्या लाटांत छोटा डोस हरवत होता. ३४ अंशांवर आणल्यावर लाटा बऱ्याच शमल्या. लिव्हरवर अर्धा ग्रॅम भार, पंचेचाळीस मिनिटं विसावा, दर दहा मिनिटांनी पाणी बदल. मग एकच मधला डोस पुन्हा पुन्हा दिला, लागोपाठ दोन उंच्या सारख्या येईपर्यंत. त्याआधीची रेघ मोजायची नाही.

चक्र पाच मिनिटांचं ठेवलं: अर्धा मिनिट बेसलाइन, एक मिनिट औषध, तीनदा वॉश, बाकी विसावा. ॲसिटिलकोलीन १०⁻⁸ मोलरपासून अर्ध्या लॉगच्या (दर वेळी साधारण तिप्पट) पायऱ्यांनी १०⁻⁵ पर्यंत. काजळी धरलेल्या कागदावर उंच्या पायरीपायरीने चढत गेल्या आणि शेवटच्या दोन एकाच उंचीच्या आल्या. ते वरचं सपाट टोक बघून एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हे खरंच थांबतं." गेली दोन वर्षं ती ही वक्ररेषा पुस्तकात पाहत होती.

कागद आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी राळेच्या स्पिरिटमध्ये बुडवून पक्का केला. काजळी कशी धरायची हे आता कॉलेजात त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही. ज्योत धुरकट, कागद ताणलेला, ड्रम न थांबवता फिरवायचा. दाट काळा थर नको, तपकिरी पुरे. दाट थरात लेखणी अडते.

२४ जुलै, बुधवार

काल ॲट्रोपिन देऊन पाहिलं, आकुंचन दबलं. आज नवं, ताजं आतडं लावलं आणि ॲसिटिलकोलीनला जवळजवळ प्रतिसादच नाही. कालपर्यंत सरळ चाललेलं.

मुलांचं म्हणणं, टिश्यू मेलं, दुसरं आणू. तसं केलं असतं तर दुपारभर तेच झालं असतं. आधी पोटॅशियम क्लोराइड देऊन पाहिलं: २ मोलर द्रावण १ मिली, २५ मिलीच्या बाथमध्ये साधारण ७७ मिलिमोलर होतं. लिव्हर सरळ वर गेला. पोटॅशियमने पेशीचा विद्युतभार उतरतो, कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, त्यात मस्कॅरिनिक रिसेप्टरला (ॲसिटिलकोलीनच्या स्नायूवरच्या दाराला) विचारावं लागत नाही. म्हणजे स्नायू जिवंत आहे आणि त्याचं दार कुणीतरी आधीच अडवलेलं आहे. (आतड्यातल्या नसांतूनही पोटॅशियम थोडं ॲसिटिलकोलीन सोडवतं, तेवढा भाग ॲट्रोपिनखाली कमी येतो. पण मुख्य आकुंचन स्नायूचं स्वतःचं असतं.)

अडवणारं ॲट्रोपिनच. कालची सिरिंज, कालची रबरी नळी, टिश्यू अडकवायचा कालचा काचेचा दांडा. ॲट्रोपिन १०⁻⁹ मोलरच्या आसपासही परिणाम दाखवतं, त्यामुळे डोळ्याला स्वच्छ दिसणारी काच पुरेशी स्वच्छ नसते. रबराच्या नळ्या टाकून दिल्या. काच आम्लात, मग भरपूर पाण्यात, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. अडवणाऱ्या औषधांच्या सिरिंजांना लाल पट्टी, त्या दुसऱ्या ट्रेमध्ये, आणि त्यांचा एक बाथ कायमचा वेगळा.

दुसऱ्या आतड्यावर संध्याकाळी प्रतिसाद पूर्ववत. आता दिवसाची सुरुवात आणि शेवट पोटॅशियम क्लोराइडने करायचा असा नियम केला. शेवटची उंची पहिलीपेक्षा फार खाली गेली असेल तर मधलं काही मोजायचं नाही.

२९ जुलै, सोमवार

पीए-टू काढण्याचा दिवस. शिल्ड यांनी १९४७ साली मांडलेलं हे माप: अडवणाऱ्या औषधाच्या ज्या संहतीला (द्रावणातल्या प्रमाणाला) तोच परिणाम मिळवायला ॲसिटिलकोलीन दुप्पट लागतं, त्या संहतीचा ऋण लॉग. ॲट्रोपिनसाठी मस्कॅरिनिक रिसेप्टरवर तो ९ च्या आसपास यायला हवा.

पहिल्या फेरीत ८.३ आला. ॲट्रोपिन १०⁻⁸ मोलर, पाच मिनिटं थांबलो, वक्ररेषा उजवीकडे तिप्पट सरकली, म्हणजे तेवढ्याच परिणामाला ॲसिटिलकोलीन तिप्पट लागलं. तिनातून एक गेला दोन, त्याचा लॉग ०.३, अधिक १०⁻⁸ मधले ८. गणित बरोबर, थांबण्याचा वेळ अपुरा. रिसेप्टरवर ॲट्रोपिनचा समतोल यायला वेळ लागतो. दुसऱ्या तुकड्यावर तीस मिनिटं थांबलो, तर सरकणं नऊपट. आठाचा लॉग ०.९, पीए-टू ८.९. तिसऱ्या तुकड्यावर ३×१०⁻⁸ मोलरला बावीसपट, म्हणजे ८.८४. दोन्ही वेळा वरचं टोक पहिल्याइतकंच उंच आणि रेषा समांतर. ॲसिटिलकोलीन पुरेसं वाढवलं की ते ॲट्रोपिनला हटवतं, आणि ॲट्रोपिन वाढवलं की पुन्हा मागे रेटलं जातं.

इथे ड्रम थांबवून मुलांशी बोललो. विषबाधेत कोलिनेस्टरेज, म्हणजे ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम, बंद पडतं, शरीरात ॲसिटिलकोलीन साचत जातं, म्हणजे रुग्ण या आलेखावर उजवीकडे ढकलला जात असतो. नेहमीच्या मापाचं ॲट्रोपिन तिथे तोकडं पडतं. छातीतला घर्घर आवाज आणि स्राव थांबेपर्यंत ते वाढवत, पुन्हा देत राहावं लागतं. एका मुलाच्या काकांना असंच दवाखान्यात ठेवलं होतं. तो बराच वेळ त्या दोन रेषांमधलं अंतर पट्टीने मोजत राहिला.

एक खाचखळगा इथेच लिहितो. आम्ही इंजेक्शनचं ॲट्रोपिन सल्फेट वापरतो, ०.६ मिलीग्रॅम प्रति मिली. रेणुभार ६९४.८ ने भागलं की ०.८६ मिलिमोलर येतं. पण सल्फेटच्या एका रेणूत ॲट्रोपिनचे दोन असतात, म्हणून खरी संहती १.७३ मिलिमोलर. हे दोन विसरलं तर पीए-टू सरळ ०.३ ने चढतो. उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या जवळपासच राहत असल्याने चूक पकडलीही जात नाही.

आणि एका तुकड्यावर ॲट्रोपिनची एकच संहती. ते धुऊन काढायला इतका वेळ लागतो की तोवर आतडंच थकतं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

सिलिंडर आला. क्रेब्स नव्याने, श्वासनळी नव्याने, ३७ अंश. पीएच ७.४.

यावेळी साखळी बोलली. पण सावकाश: आकुंचन पूर्ण व्हायला पाच मिनिटं, पाणी बदलल्यावर सैल व्हायला त्याहून जास्त. आतड्याची पाच मिनिटांची घडी इथे चालत नाही, पंधरा-वीस मिनिटांची लागते. लिव्हरचा लांब हात बाराएक पट वाढवून लावला. तरी रेघ गुळगुळीत येईना, टप्प्याटप्प्याने उडी मारत होती. स्नायूची चाल इतकी मंद की काजळीवरचं घर्षणही तिला जड जातं. स्टँडवर बोटाने अधूनमधून अगदी हलकी टिचकी मारत राहिल्यावर रेघ सरळ झाली.

साखळीतली एक गाठ सुटली, कारण दोरा स्नायूतून गेला होता. तो कूर्चेतूनच न्यायचा.

दुपारी तीनला वीज गेली. थर्मोस्टॅट थंड होत पंचवीसवर आला, स्नायूचा मूळ ताण बदलला, दिवसाची नोंद रद्द. उरलेली श्वासनळी गार क्रेब्समध्ये फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने चांगला प्रतिसाद दिला, हा फायदा आतड्यात मिळत नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

हिस्टामाइन १०⁻⁵ मोलर: चांगलं आकुंचन. ॲसिटिलकोलीन १०⁻⁶: चांगलं आकुंचन. मग ॲट्रोपिन १०⁻⁷, अर्धा तास. ॲसिटिलकोलीन जवळपास आडवं, हिस्टामाइन तसंच उभं. स्नायू तोच, दारं वेगळी.

दुसऱ्या साखळीवर उलट बाजू. ॲव्हिलचं इंजेक्शन म्हणजे फेनिरामाइन, एच-वन रिसेप्टर अडवणारं. पहिल्या प्रयोगात त्याने हिस्टामाइन तर दाबलंच, ॲसिटिलकोलीनही निम्म्यावर आणलं. जुन्या पिढीच्या अँटिहिस्टामाइनमध्ये मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवण्याचा गुण थोडा असतोच, सर्दीची गोळी घेतल्यावर तोंड कोरडं पडतं ते त्यामुळे. संहती दहापट उतरवल्यावर हिस्टामाइन दबलं आणि ॲसिटिलकोलीन टिकलं. मला या सगळ्या प्रकल्पातली ही जोडी सर्वांत मोलाची वाटते. "हे औषध अमुक रिसेप्टरवर काम करतं" या वाक्यात किती संहतीला, हे धरलेलंच असतं.

हिस्टामाइनचे डोस लागोपाठ दिले तर उंची उतरत जाते. मध्ये निदान पंचवीस मिनिटं द्या.

६ ऑगस्ट, मंगळवार

रविवारी दीप अमावस्या होती. गटारीच्या गर्दीत चाचांना मान वर करायला फुरसत नव्हती, नळी मागायची सोय नाही. सोमवारपासून श्रावण. आता ते आठवड्यात एखादाच बोकड कापतात, तोही रविवारी. हा प्रयोग जुलैत घ्या किंवा सरळ गणपतीनंतर. वेळापत्रक करताना पंचांग बघावंच लागतं. चिकनचा माल मात्र येतो आहे.

१२ ऑगस्ट, सोमवार

काल मिळालेल्या एकुलत्या श्वासनळीच्या चार साखळ्या केल्या. दोन काल, दोन फ्रिजमधून काढून आज.

कार्बाकॉल (ॲसिटिलकोलीनसारखंच, पण कोलिनेस्टरेजने न तुटणारं) ३×१०⁻⁷ मोलरने आकुंचन आणून ते स्थिर होऊ दिलं. ॲसिटिलकोलीन इथे नको, कोलिनेस्टरेज ते तोडत राहतं आणि माथा सपाट राहत नाही. त्यावर साल्ब्युटामॉल १०⁻⁸ पासून, मध्ये न धुता, चढत्या पायऱ्यांनी. रेघ हळूहळू खाली आली. दुसरी साखळी कार्बाकॉल १०⁻⁵ वर ताणून धरली, तिथे तेच साल्ब्युटामॉल फार थोडं उतरवू शकलं. ते कार्बाकॉलच्या रिसेप्टरला हातच लावत नाही, बीटा-टू रिसेप्टरमधून सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला, स्नायू सैल करायला लावणारा रेणू) वाढवून उलट्या दिशेने ओढतं. आकुंचनाचा जोर जितका मोठा, तितकी ही ओढ अपुरी.

आजच्या साखळ्यांवर प्रोप्रॅनोलॉल (बीटा रिसेप्टर अडवणारं) १०⁻⁶ अर्धा तास आधी. साल्ब्युटामॉलची रेषा बरीच उजवीकडे गेली, ॲमिनोफायलीन या दम्याच्या दुसऱ्या औषधाची जागची हलली नाही. ॲमिनोफायलीन रिसेप्टरच्या पुढच्या टप्प्यावर, सायक्लिक एएमपी तोडणाऱ्या एन्झाइमवर काम करतं, म्हणून दार बंद असलं तरी त्याला फरक पडत नाही. बाथमध्ये घातलेल्या इंजेक्शनच्या आकारमानाची शंका नको म्हणून तेवढंच नुसतं मीठपाणी देऊन पाहिलं, रेघ स्थिर.

नेब्युलायझरचं साल्ब्युटामॉल घेणार असाल तर बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. बेंझाल्कोनियम क्लोराइड (जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते) घातलेलं असेल तर घेऊ नका.

१४ ऑगस्ट, बुधवार

तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी वाटणी ठरवली. आतडं आणि ॲसिटिलकोलीन सगळ्यांना, एका प्रॅक्टिकलच्या वेळेत बसतं, त्यासाठी विसावा आणि वॉश मामा आणि मी सकाळीच उरकून ठेवू. ॲट्रोपिन चौघांच्या गटाला, दोन दिवसांत. श्वासनळी फक्त एम. फार्म.ला, गणपतीनंतर. यूपीएसचा प्रस्ताव प्राचार्यांकडे दिला आहे. सिलिंडरमध्ये अजून निम्मा वायू आहे, त्यात कार्बाकॉलच्या तीन पातळ्यांवर साल्ब्युटामॉलच्या पूर्ण वक्ररेषा काढायच्या, प्रत्येक पातळीला वेगळ्या बोकडाची साखळी. लाल पट्टीच्या सिरिंजांचा ट्रे खिडकीखालच्या कप्प्यात आहे, तिथून तो हलवायचा नाही.